विसर्जन म्हणजे

शुक्रवारचा शेवटचा तास धर्मपरिचयाचा असतो, सातवी 'ब'ला. शेवटच्या तासाला मुलांचं अर्धं लक्ष घंटेकडे असतं आणि, खरं सांगायचं तर, माझंही. गणपतीच्या सुट्टीआधीचा तो शेवटचा दिवस होता. खाली रस्त्यावर कुठल्याशा मंडळाचं ढोलपथक सराव करत होतं. मी फळ्यावर 'विसर्जन' असं लिहिलं आणि विचारलं, कोण सांगेल याचा अर्थ. लालबाग-परळच्या पोरांना हे विचारायचं म्हणजे तास सोपा करून घ्यायचा, आणि मला तेच हवं होतं. हात भराभर वर आले. "बुडवणं," कोणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. "बाप्पाला निरोप," हितेंद्र चव्हाण म्हणाला. संस्थेने छापलेल्या पुस्तिकेत उत्तर तयारच होतं: देवतेने पुन्हा यावे म्हणून तिला दिलेला निरोप. मी ते वाचून दाखवणार एवढ्यात तिसऱ्या बाकावरची मनवा गमरे उभी राहिली. ही मुलगी वर्षात दोनदा बोलली असेल. ती म्हणाली, "टीचर, परत या न म्हणता पण करतात. आमच्यात माझ्या पणजीने केलं होतं."

"कसलं विसर्जन?"

"देवांचं. घरातल्या सगळ्या. दादर चौपाटीवर."

"मग ते विसर्जन नाय ना," हितेंद्र म्हणाला. "ते फेकून देणं." हितेंद्र वाईट मुलगा नाही. आपलं उत्तर अपुरं ठरलेलं त्याला सहन होत नाही, एवढंच.

"फेकले नाय," मनवा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पणजीने त्यांना आधी धुतलं. नवीन फडक्यात बांधलं. पाण्यात सोडताना बोलली, तुम्ही मोकळे, आम्ही मोकळे. मग घरी आली."

तिने हे ज्या सवयीने सांगितलं त्यावरून कळत होतं, की घरात ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. बाई काय म्हणते, बरोबर की चूक. माझ्या तोंडून निघालं, "ते वेगळं. बस खाली." ती बसली आणि घंटा झाली.

ते वेगळं. परळच्या पुलाखालून चालत घरी जाताना मी हे दोन शब्द घोळवत होते आणि ते मला अधिकाधिक खोटे वाटत होते. काय वेगळं? या वर्गातली मुलं अर्ध्याहून जास्त वाक्यं 'आमच्यात'ने सुरू करतात. आमच्यात उपास असतो, आमच्यात मटण चालतं, आमच्यात मुली जात नाहीत. माझा सगळा अभ्यासक्रम त्या एका शब्दात बसतो. आणि मला उत्तर सुचलं नाही की मी 'तुमच्यात' म्हणते. त्या दिवशी तो शब्द जिभेवर आला होता, मी तो गिळला आणि त्याच्या जागी 'वेगळं' म्हटलं. म्हणजे तेच म्हटलं, साबण लावून.

मुळात मी भूगोलाची. संस्थेने दोन वर्षांपूर्वी हा विषय काढला तेव्हा हेडबाईंनी स्टाफरूममध्ये सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि माझ्यावर येऊन थांबल्या. "तावडेबाई, तुम्हाला वाचायला वेळ असतो," त्या म्हणाल्या. म्हणजे नवरा नाही, पोरं नाहीत. मी घेतला विषय. मला तो भूगोलासारखाच वाटला. प्रत्येक धर्माला दोन पानं: संस्थापक, ग्रंथ, सण, प्रार्थनास्थळ. देशांना कशी राजधानी आणि मुख्य पिकं असतात, तसं. माझा देवावर विश्वास नाही, रागही नाही, तेव्हा हे काम माझ्याइतकं सरळ दुसऱ्या कोणाला जमणार नाही असं मी समजून होते. त्या पुस्तिकेत बौद्ध धम्माच्या पानावर एक ओळ आहे: १९५६ साली लाखो लोकांनी धम्माचा स्वीकार केला. ही ओळ मी दोन वर्षं परीक्षेसाठी अधोरेखित करून घेते. त्या लाखो लोकांच्या घरात आदल्या दिवशीपर्यंत एका कोपऱ्यात देव होते आणि कोणालातरी ते स्वतःच्या हाताने उचलावे लागले असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. कोणीतरी म्हणजे बहुतेक बाईच. देवांना धुणं, पुसणं, फडक्यात बांधणं ही पुरुषांची कामं नव्हेत. मला ती पणजी दिसायला लागली. तिला चेहरा नव्हता, हात होते, आणि ते माझ्या आईचे होते.

हे सगळं मला इतकं लागायचं कारण घरात होतं. लालबागच्या आमच्या खोलीत माझे वडील, गुणाजी तावडे, लग्नाच्या वर्षापासून गणपती आणत. ते मिलमध्ये साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवत आणि आवाज असा, की साच्यांच्या गदारोळातही ऐकू जाई म्हणत. माझं नाव मृणालिनी ठेवलं तेही त्यांनीच, दवाखान्याच्या पाटीवर डॉक्टरीणबाईंचं वाचून. चाळीत ते कोणाला नीट म्हणता येत नसे, म्हणून मी सगळ्यांची ताई झाले. वडील गेले, मिलही गेली, गणपती येत राहिला. आई आणायची. म्हणजे उचलून आणायचा माझा भाऊ राजाराम, पण आणायची आई. महिनाभर आधी ती हिंदमाताला जाऊन मखरासाठी साडी निवडायची, आणि स्वतःसाठी कधी केली नसेल इतकी घासाघीस करायची. आई जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या वर्षी मी सगळं केलं, आईने केलं असतं तसं, आणि पाचही दिवस मला वाटत राहिलं, की मी कोणाची तरी नक्कल करते आहे आणि ते त्या मूर्तीला कळतं आहे. विश्वास नसलेल्या माणसाला असं वाटावं ही मोठी गंमत आहे, पण मला तेव्हा हसू आलं नाही.  समोर कोणी नाही असं मानणं सोपं असतं. आपण तिथे नाही हे जाणवणं फार वाईट.

राजाराम बायको वनिता आणि मुलासह बदलापूरला असतो. त्याचा फोन त्या शुक्रवारीच संध्याकाळी आला. "ताई, यंदाचं करू. पुढच्या वर्षीचं बघ आता. आमच्या सोसायटीचा आहे, तिथेच सगळे जमतात. वनिताला घरातलं नाही झेपत. बंद करून टाकू."

"बंद करायला तो काय नळ आहे?"

"तसं नाही गं. चाळ पण रिकामी करायची आहेच ना. तुला ट्रान्झिट कॅम्पला कुठे टाकतात देव जाणे."

 चाळ पाडून नवी बांधायची म्हणून रिकामी होणार होती हे खरं होतं, पण ट्रान्झिटच्या खोलीतही एक कोपरा असतोच, आणि आजूबाजूची निम्मी बिऱ्हाडं गणपती घेऊनच तिकडे जाणार होती. खोली हे कारण नव्हतं. कारण मी होते. मला करायचा नव्हता. हे वाक्य मनात म्हणायलाही मला चोपन्न वर्षांची व्हावं लागलं. आई शेवटच्या आजारपणात एकदा, मी तिचे पाय चेपत असताना, भिंतीकडे तोंड करून म्हणाली होती, "जमता तवसर हाड गो. नाय जमला तर तेका सांगान टाक." जमतंय तोवर आण, नाही जमलं तर त्याला सांगून टाक. तेव्हा मी हो म्हटलं आणि विषय बदलला. सांगून टाक. बंद कर नाही, सोडून दे नाही. सांग. आयुष्यभर मी पन्नास-साठ मुलांपुढे उभी राहून सांगत आले आहे, मोसमी वारे कसे वाहतात आणि जैनांची पंचमहाव्रतं कोणती. आणि हे कसं सांगायचं ते मला येत नव्हतं. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, "बंद असं काही नसतं हो बाई. खंड पडतो म्हणतात. त्याला आमच्याकडे मंत्र नाही." उत्तरपूजेत ते 'पुनरागमनाय च' म्हणतात, पुन्हा येण्यासाठी. येऊ नकोस यासाठी संस्कृतात सोय नाही, आणि मला एकदम त्या गमरेंच्या पणजीचा हेवा वाटला. तिने भटजीला विचारलं नव्हतं. वाक्य तिचं तिने केलं होतं.

गणपती आला. कारखान्यातून मूर्ती घेताना राजारामने डोक्यावर टोपी घातली, ती वडिलांची होती, कानांवर उतरत होती. मी मखर केलं, जुन्याच साडीचं. उकडीच्या मोदकांच्या कळ्या नीट आल्या नाहीत. चाळीतल्या बायका येऊन गेल्या, फुगड्या घालून गेल्या, पुढच्या वर्षी आपण सगळ्या कुठे असू असं म्हणून डोळे पुसून गेल्या.  यंदाचा शेवटचा, हे कोणाला सांगण्याआधी गणपतीला सांगायला हवं, असं मला वाटत होतं. ज्याचं बोलणं त्याच्याशी आधी, एवढी रीत मलाही कळते. दुपारी सगळे गेल्यावर मी त्याच्यासमोर स्टुलावर बसायचे. मूर्तीचे डोळे चांगले होते. मी दोनतीनदा तोंड उघडलं. मग उठून भांडी घासली.

मधे एकदा वाटलं, की मी हे उगाच मोठं करते आहे. मातीची मूर्ती आहे, पाण्यात जाईल, पुढच्या वर्षी आणायची नाही, संपलं. लाखो लोक रोज काही ना काही बंद करतात. पण मग ती पणजीही म्हणू शकली असती, पितळेचे टाक आहेत, द्या मोडीत. तिने ते कशासाठी धुतले? ज्यांना आपण मानायचं नाही असं ठरवलं, ज्यांच्या नावाने आपल्या माणसांना देवळाच्या पायरीवरून हाकललं गेलं, त्यांना तिने नवं फडकं का घेतलं? हा राग नव्हे. भीतीही नव्हे. भीती असती तर तिने त्यांना हात लावला नसता. पाचव्या दिवसापर्यंत मी हा प्रश्न घोळवत होते. आणि लाज वाटत होती, की ज्या मुलीने माझ्या वर्गात हे आणलं तिला मी खाली बसवलं होतं.

पाचव्या दिवशी गणपती निघाला. आम्ही टॅक्सीने दादर चौपाटीला गेलो, मी, राजाराम आणि मांडीवर गणपती. वनिता मुलाच्या परीक्षेमुळे आली नव्हती. भर दुपार होती. वाळूवर बिऱ्हाडाबिऱ्हाडाचे घोळके, आरत्यांवर आरत्या. पलीकडे चैत्यभूमीचा पांढरा घुमट दिसत होता आणि मी पहिल्यांदाच हिशेब लावला, की पणजी आली असेल ती याच वाळूवर. तेव्हा तो घुमट नसेल. तिच्यासोबत कोण असेल? परत या असं ओरडणारं तरी कोणी नसेल, तिचं काम त्या मानाने शांततेत झालं असेल. आम्ही पाट वाळूवर टेकवला. आरती झाली. आता गाऱ्हाणं. आमच्यात निघताना घरच्या पुरुषाने देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं, म्हणजे जे काही सांगायचं-मागायचं ते मोठ्याने बोलायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. वडील घालायचे तेव्हा शेजारचे घोळके थांबून ऐकायचे. ते गेल्यावर राजाराम पुटपुटायचा आणि आई मागून त्याला शब्द पुरवायची. या वेळी तो टोपी हातात धरून उभा राहिला.

"ताई, तूच सांग. मला नाही जमणार."

"बायका घालतात का?"

"कोण बघतंय? तू टीचर आहेस. तुला बोलता येतं."

मी हात जोडले. "बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, आणि आवाज वर्गातला निघाला, मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "आज पाच दिवस तुझी जमेल तशी चाकरी केली, ती गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा," राजाराम म्हणाला.

"गुणाजीने तुला आमच्या खोलीत आणलं. शेवंतीने, आमच्या आईने, तुझं सगळं केलं. आमचं सगळं केलं त्याआधी तुझं केलं. त्यात काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल."

"व्हय म्हाराजा." 

"आता आणणारं कोणी नाही. म्हणजे मी आहे. पण मला जमत नाही, देवा, आणि खोटं जमवून तुला बसवायचं मला बरं वाटत नाही. पुढच्या वर्षी आमच्या दाराशी वाट बघत थांबू नकोस. तू मोकळा, आम्ही मोकळे."

राजाराम वाळूकडे बघत राहिला. शेजारच्या घोळक्याने 'पुढच्या वर्षी लवकर या' अशी आरोळी ठोकली आणि ती आमच्यावरून निघून गेली. मी हात जोडून तशीच उभी होते. त्याने व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, हे दोघांनाही माहीत होतं.  आपणच फोनवर बंद करून टाकू म्हणालो हे तो विसरला असावा, किंवा तेव्हा त्याला ते असं, समोरासमोर, ऐकू आलं नव्हतं. मग त्याने टोपी डोक्यावर घातली, वडील घालत तशी, कपाळावर ओढून. "व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

मंडळाच्या स्वयंसेवकाने मूर्ती आत नेली. छातीभर पाण्यात जाऊन तो पोरगा तीन बुचकळ्या देऊन परतला आणि रीतीप्रमाणे रिकाम्या पाटावर ओंजळभर वाळू घालून त्याने तो माझ्याकडे दिला. ही वाळू घरी न्यायची असते. आई ती तुळशीच्या डब्यात घालायची, पुढल्या गणपतीपर्यंत. ती असली की तो परत येणार असा अर्थ. मी पाट तिरका केला. वाळू खाली पडली, बाकीच्या वाळूत.

"काकी, रिकामा नेत नाय पाट," पोरगा म्हणाला.

"माहीत आहे रे," मी म्हटलं.

मला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी तितकंच हलकंही वाटलं. राजारामने माझा दंड धरला. तो तसाच टॅक्सीपर्यंत धरून होता.

तो बदलापूरला गेला. मी खोलीत आले, पाट धुऊन भिंतीला लावला, मखर उतरवलं, साडीची घडी केली. ऊन अजून गॅलरीत होतं. आमच्या खोलीत झोपायची एकच दिशा, डोकं गणपती बसायच्या कोपऱ्याकडे, पाय दाराकडे. दारातून वारा येत नाही, तो खिडकीतून येतो आणि डोक्यावरून निघून जातो. तो कोपरा वर्षभर मोकळा असला तरी देवाकडे पाय करायचे नाहीत, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आता त्या कोपऱ्यात कोणी येणार नव्हतं. मी उशी फिरवली, खिडकीतला वारा तोंडावर घेतला आणि पाय लांब केले. ते कोपऱ्याच्या अलीकडे येऊन थांबले. मी पुन्हा लांब केले. मग गुडघे आपोआप पोटाशी आले. तिथे फरशीवर अक्षतांचे चार दाणे होते, बाकी काही नाही, आणि मी स्वतःवर चिडले. चौपाटीवर एवढं मोठ्याने मोकळं होऊन आलेल्या बाईला साधे पाय पसरता येऊ नयेत. म्हणजे झालं ते सगळं नाटकच होतं का, आईची नक्कल संपवून दुसऱ्या कोणा पणजीची नक्कल? मी अंग चोरून पडून राहिले आणि केव्हातरी झोप लागली.

सुट्टीनंतरच्या शुक्रवारी मी सातवी 'ब'वर गेले. पुस्तिका टेबलावर ठेवली, उघडली नाही. "मनवा, उभी राहा," मी म्हटलं. ती घाबरून उभी राहिली. "त्या दिवशी मी तुला म्हटलं ते वेगळं. ते माझं चुकलं. तू सांगितलंस तेही विसर्जनच." हितेंद्रने कपाळाला आठी घातली. मनवाने फक्त मान हलवली; मोठी माणसं चूक कबूल करतात तेव्हा मुलांना अवघडल्यासारखं होतं.

"टीचर, तुमचा झाला गणपती?" तिने विचारलं, बहुधा मला सोडवायला.

"झाला. आमच्यात आता नाही आणायचा. सांगून आलो त्याला."  मला पुढचं विचारायचं नव्हतं, पण मी विचारलं. "तुझी पणजी घरी आली, मग काय झालं?"

मनवाने आठवून बघितलं. "काय नाय. बाबासाहेबांचा फोटो समोरच्या भिंतीला लावला. तो कोपरा तसाच ठेवला. पण टीचर, पणजी मरेपर्यंत तिकडे पाय करून झोपली नाय. आजोबा तिला चिडवायचे, आये, आता तिथं काय हाय? तर बोलायची, जागा हाय ना."

मुलं हसली. हसण्यासारखंच होतं, तीही हसत होती. मला डोळे पुसावे लागणार होते, म्हणून मी फळ्याकडे वळले आणि खडू उचलला.

"टीचर, हे परीक्षेला आहे?" हितेंद्रने विचारलं.

"परीक्षेला पुस्तिकेतलं आहे."

"मग हे लिहून घ्यायचं का?"

"घे," मी म्हटलं. मी फळ्यावर 'विसर्जन म्हणजे' एवढं लिहिलं आणि पुढे जागा सोडली.